आमटी सांडली, बाकी गोपनीय

आमच्या वसाहतीत घरोघरी घड्याळं आहेत, पण ती भिंतीवरचा डाग झाकायला. वेळ विचारायची असेल तर आम्ही शेजाऱ्याला विचारतो, "विमान गेलं का?"

ओझरची धावपट्टी जिथे संपते तिथून नाकासमोर निघालं की पहिलं घर सिंधुबाईंचं लागतं आणि दुसरं माझं. कारखान्यातलं विमान चाचणीसाठी उडतं ते आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांची विचारपूस करूनच पुढे जातं. वेळ साधारण अकराची. कधी पावणेअकरा, कधी सव्वाअकरा. विमानालाही कुणाची तरी सही लागत असणार. ते डोक्यावरून जाताना खिडक्या थरथरतात, कपाटातल्या बशा कुजबुजतात आणि बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून वीस सेकंद थांबतो. मग "तर मी काय म्हणत होतो" म्हणून तिथूनच पुढे सुरू होतो. भांडणातसुद्धा हा नियम पाळतात. त्या वीस सेकंदांनी आमच्याकडे बरेच संसार वाचवले आहेत.

सिंधुबाई डबे देतात. एकशे सदतीस डबे. शिफ्टचे कामगार, बँकेतली मंडळी, मुलं परदेशी गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या आणि मी. अकरा वर्षांपूर्वी, धंद्याच्या पहिल्याच महिन्यात, बाईंनी आमटीचं पातेलं शेगडीवरून उतरवून ओट्याच्या कडेला ठेवलं, वरून विमान गेलं आणि चाळीस माणसांची आमटी फरशीवर आली. तेव्हापासून त्यांचा नियम असा की विमान जाईपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही. विमान गेलं की डबे भरायचे आणि डबेकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचं: "विमान गेलं. डबे भरते."

एवढाच निरोप. अकरा वर्षं, रविवार सोडून रोज. तो आला की कामगार हात धुतात, म्हातारे जेवणाआधीची गोळी घेतात आणि मी वर्तमानपत्र घडी करून ठेवतो.

हा ग्रुप डबा खाणाऱ्या गोरक्षनानांनी काढून दिला होता, म्हणून ॲडमिन तेच. गोरक्षनाना आहेर म्हणजे मूळचे सटाण्याचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले कारकून. नोकरीत असताना पस्तीस वर्षं वरिष्ठांना "होय साहेब" म्हटल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याची फार ओढ लागली. परखड बोलावं, सत्तेनं दडपावं, आपल्याला गाडीतून न्यावं आणि वसाहतीनं गेटपर्यंत सोडायला यावं, एवढी एकच इच्छा उरली होती. पण योग नव्हता. एकदा त्यांनी चौकातल्या खड्ड्यावरून नगरसेवकाला जाहीर पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी नगरसेवकानं खड्डा बुजवला आणि नानांना शाल घातली. नाना तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग गेल्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली.

आमच्याकडेही भोंगे वाजवून बघितले, दिवे घालवून बघितले. आदेश निघाला: सैन्याच्या, विमानांच्या, ताफ्यांच्या हालचालींची माहिती किंवा फोटो कुणीही प्रसारित करू नये, केल्यास कारवाई होईल. आदेश सगळ्यांनी वाचला. सिंधुबाईंनीही वाचला, चष्मा लावून. त्यांच्या मते तो हेरांसाठी होता. आपण डबेवाल्या. कांदे महागले तर जसं कळवतो तसं विमानाचं कळवतो, त्यात प्रसारण कसलं?

पण त्या आठवड्यात विमानांचं वेळापत्रक बिघडलं. सकाळी सातला उडायला लागली, दुपारी उडायला लागली, एकामागून एक उडायला लागली. बाई पातेल्यापाशी उभ्या, एका हातात पळी, दुसऱ्या हातात फोन. गुरुवारी ग्रुपवर जे आलं ते मी वेळा वगळून देतो. का वगळतो ते पुढे कळेलच.

"विमान गेलं. डबे भरते."

"थांबा. दुसरं गेलं."

"तिसरं. हे मोठं होतं. आमटी सांडली."

"पाच गेली, पाच आली. मोजली. आता भरते. आज डबा उशिरा."

आम्ही नेहमीप्रमाणे होकाराचे अंगठे दाखवले. गोरक्षनाना मात्र पेटले. त्यांनी ते चारही निरोप एकत्र केले, वर "सत्य दडपता येणार नाही" असा मथळा दिला आणि आपल्या चौदा ग्रुपांवर पाठवले. तिथून ते सटाण्याला गेले, मालेगावला गेले, नामपूरच्या कांदा व्यापाऱ्यांत फिरले, आणि शुक्रवारी सकाळी "खात्रीलायक सूत्रांकडून" अशा नव्या मथळ्यासह माझ्याच फोनवर परत आले. आमटी सांडल्याची बातमी शेवटपर्यंत शाबूत होती.

शुक्रवारी दुपारचे डबे गेले आणि दीडच्या सुमाराला हवालदार सिंधुबाईंच्या दारात उभा राहिला.

"मावशी, फोन घेऊन ठाण्यात यायचंय. मॅडमनी बोलावलंय. ॲडमिन कोण आहे, त्यांनापण."

सिंधुबाईंनी हात पदराला पुसले. "चारच्या आत सोडशील का रे बाबा? संध्याकाळचे साठ डबे हायेत."

"ते मॅडमच्या हातात."

नाना तोवर पांढरा सदरा घालून आले होते. खिशात संविधानाची छोटी प्रत. चेहरा नवरदेवासारखा.

"चला," ते म्हणाले, "इतिहास बोलावतोय."

"मला तर हवालदार बोलावतोय," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमची स्कूटर काढा. आणि हे बघा, फोन जर ठेवून घेतला ना, तर मी मेले. कोणाला लसूण चालत नाय, कोणाची साखर वाढली, कोण आज गावाला गेलंय, सगळं त्याच्यात हाय. फोन गेला की साठ माणसं संध्याकाळी उपाशी."

साठांत मी एकोणतिसावा. मी स्कूटर लगेच काढली.

ठाण्यातल्या वैष्णवी मॅडम वयानं तिशीच्या आत. कायद्याची पदवी घेऊन फौजदार झालेल्या. स्वतः सिंधुबाईंच्या गिऱ्हाईक: डबा नंबर अठ्ठ्याऐंशी, कमी तिखट. एरवी बाईंना पाहिलं की "मावशी, कालची मेथी एक नंबर" म्हणायच्या. आज टेबलावर कागद होता आणि कपाळावर आठी.

"बसा, सिंधुबाई."

मावशीच्या सिंधुबाई झाल्या तेव्हाच बाईंचा चेहरा उतरला.

"आधी एक सांगते," मॅडम म्हणाल्या, "मी तुमचा डबा खाते ही गोष्ट मी सकाळीच स्टेशन डायरीत लिहिलेली आहे. त्यामुळे ओळखीचा प्रश्न नाही. वरून पत्र आलंय. विमानांची संख्या आणि वेळा बाहेर गेल्यात. गुन्हा नोंदवायचा, फोन जप्त करायचा आणि पाचपर्यंत अहवाल द्यायचा. शिवाय त्यांनी विचारलंय," त्यांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं, "'आमटी हा सांकेतिक शब्द आहे काय, याचा खुलासा करावा.'"

"अगं बाई, तूच तर सांग त्यांना," सिंधुबाई म्हणाल्या. "काल तू खाल्ली ना?"

"अर्धीच आली होती."

"मग! सांडली म्हणूनच ना."

मॅडमनी एका ओळीत काहीतरी लिहिलं. तो भाग मिटला.

आता नाना उठले. खिशातून संविधान काढलं. "मॅडम, कलम एकोणीस, एक. भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्य. मला अटक करा, पण या भगिनीचा आवाज..."

"काका, पान उलटा."

"काय?"

"पुढचं पान. एकोणीस, दोन."

नानांनी पान उलटलं. ते पान कोरं करकरीत होतं. पुस्तक घेतल्यापासून तिथपर्यंत ते गेलेच नव्हते. त्यांनी ओठ हलवत वाचलं. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, वाजवी निर्बंध, असं बरंच काही तिथे होतं.

"हे कधी घातलं?"

"तुमच्या जन्माच्या आधी."

नाना बसले. मी त्यांना पाणी दिलं.

"मॅडम," सिंधुबाई हळू म्हणाल्या, "माझा जावई तिकडंच हाय. हर्षल. सुभेदार हाय. आठ दिवस झाले, पोरीला त्याचा फोन नाय. त्याची गाडी कुठं उभी हाय हे जर कोणी असं फोनात टाकलं, तर मी त्या टाकणाऱ्याच्या तोंडात निखारा घालीन. म्हणजे तुमचं म्हणणं मला पटतंय. मला कळलंच नव्हतं की मी तेच करतेय. पाच गेली ती पाच आली की नाय, एवढंच मोजत होते. सगळी परत आली की बरं वाटायचं."

मॅडमच्या कपाळावरची आठी जरा सैलावली.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "मला कळतंय. पण पत्र आलंय. मला पंचनामा करावाच लागेल."

"मग कर. पण चारच्या आत कर."

पंचनाम्याला दोन पंच लागतात. त्या भागातले, प्रतिष्ठित आणि ज्यांचा प्रकरणाशी संबंध नाही असे. हवालदार बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी हात हलवत परत आला.

"मॅडम, झेरॉक्सवाला डबा खातो. मेडिकलवाला डबा खातो. चहावाल्याची आई खाते. हे काका..." त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"खातो," मी कबूल केलं.

"तू?" मॅडमनी हवालदाराला विचारलं.

"नंबर एकशे दोन. जास्त तिखट."

ठाण्याच्या हद्दीत सिंधुबाईंच्या आमटीशी संबंध नसलेला माणूस मिळेना. शेवटी बाकावर दोघं सापडले. एक पुंजा: नामपूरचा शेतकरी, कांदा विकून जाताना त्याचं पाकीट पडलं होतं, त्याची तक्रार द्यायला दोन तास बसलेला. दुसरा बुधा: पेठकडच्या डोंगरातला, इथे द्राक्षबागेत कामाला आलेला, पोलिसांनी बोलावल्याशिवाय आपण होऊन ठाण्यात आलेला बहुधा पहिलाच माणूस. त्याला रस्त्यात ते पाकीट सापडलं होतं आणि ते द्यायला तो आला होता. दोघं दोन तास शेजारी शेजारी बसून होते. एकमेकांना कुणी विचारलंच नव्हतं.

पाकीट जागच्या जागी मालकाला मिळालं आणि त्या आनंदात दोघं पंच व्हायला तयार झाले.

"मी फोनमधले निरोप वाचते," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी ऐकायचं, मग सही करायची."

"आमाला सही नाय येत," बुधा म्हणाला. "अंगठा चालंल?"

"चालेल."

मॅडमनी वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, निरोप. खणखणीत आवाज; कायद्याच्या परीक्षेत तोंडी गुण चांगले मिळाले असणार. हवालदार लिहीत होता. किती वाजता गेलं, कितवं गेलं, मोठं होतं की लहान, किती परत आली. बुधा एकेका विमानाला मान डोलवत होता. पुंजानं तर बोटं मोजायला घेतली.

सगळं वाचून झालं तेव्हा पुंजा खुशीत म्हणाला, "मी नामपूरना शे, मॅडम. माले काय मालूम तुमनं विमान कव्हय उडस? आते समजी गयं. पाच शेतस, बरं का."

हवालदाराचं पेन थांबलं.

"काय म्हणाले ते?" मॅडमनी हवालदाराला विचारलं.

"म्हणाले, आधी माहीत नव्हतं, आता समजलं. पाच आहेत म्हणाले."

"हे तुम्ही कुणाला सांगायचं नाही," मॅडम पुंजाला म्हणाल्या.

"नही सांगत. पण मी सही कशावर करी राहिनू, ते घरमा इचारतीन ना?"

बुधानं डोकं खाजवलं. "मॅडम, आमी बागेत असतो. वरून काहीतरी जातं, आमी बघत पण नाय. कुणाचं, कितवं, आमाला काय? तुमी वाचलं म्हणून कळलं. आता आमी काय करायचं, विसरायचं?"

"विसरा," मॅडम म्हणाल्या.

"बरं," बुधा म्हणाला आणि डोळे मिटून विसरायला लागला. मनापासून प्रयत्न करत होता.

मी निवृत्त माणूस आहे, मला घाई नव्हती, म्हणून सहज विचारलं, "मॅडम, जप्तीच्या कागदाची एक प्रत सिंधुबाईंना द्यावी लागते ना?"

"हो. नियमच आहे."

"सहीशिक्क्यानिशी?"

मॅडमनी हवालदारापुढचा कागद ओढून घेतला आणि पहिल्यापासून वाचला. बाईंच्या निरोपांत जे विस्कळीत होतं ते हवालदारानं अनुक्रमांक घालून, रकाने आखून सुबक अक्षरात मांडलं होतं. वर ठाण्याचं नाव, खाली दोन पंच. एवढं नीट वेळापत्रक विमानतळावरही नसेल. आणि त्याची आता एक प्रत फाईलला, एक कोर्टाला, एक वर, आणि एक सिंधुबाईंच्या पिशवीतून भाजीबरोबर घरी जाणार होती.

"झेरॉक्स काढायला बाहेरच जावं लागतं, मॅडम," हवालदार उगाचच म्हणाला. "आपलं मशीन बंद आहे."

"काळा मार्कर आण."

त्यांनी आधी वेळा खोडल्या. मग आकडे खोडले. 'हे मोठं होतं' खोडलं. 'आली' आणि 'मोजली' खोडलं, कारण आली म्हणजे आधी गेली होती. 'गेलं' खोडलं. शेवटी 'विमान' खोडलं. मार्करचा वास सुटला. साडेतीन वाजायला आले होते आणि सिंधुबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हलत नव्हती.

मॅडमनी कागद उजेडात धरला. काळ्या पट्ट्यांच्या मध्ये चार ठिकाणी काहीतरी शिल्लक होतं.

"वाचा," त्या हवालदाराला म्हणाल्या.

हवालदारानं घसा साफ केला. "'डबे भरते. थांबा. आमटी सांडली. आता भरते. आज डबा उशिरा.'"

"गोपनीय वगळून एवढंच उरतं," मॅडम म्हणाल्या. "काका, तुमच्या पुस्तकात आमटी सांडण्याबद्दल काही आहे?"

नानांनी खरंच पान उलटून बघितलं. "नाही."

"मग एवढ्यावर मी गुन्हा काय नोंदवू?" त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. पुढची दहा मिनिटं त्या फोनवर वरिष्ठांशी बोलल्या. आम्हाला एकच बाजू ऐकू आली: "हो सर. नाही सर, खरोखरची आमटी. तुरीची. हो सर, पंचांनाही समजलं, तोच प्रॉब्लेम आहे. जसजसा तपास करू तसतसं जास्त लोकांना कळणार, सर. कोर्टात तर उघड वाचावं लागेल. हो सर. समज देते, सर."

फोन ठेवून त्या उठल्या. तो खोडलेला पंचनामा त्यांनी स्वतःच्या हातानं चार तुकडे करून खिशात घातला.

"सिंधुबाई, तुम्हाला लेखी समज देण्यात येत आहे. लढाई आहे तोवर विमानाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. गेलं, आलं, दिसलं, ऐकू आलं, काही नाही. जुने निरोप माझ्यासमोर काढून टाका. मान्य?"

"मान्य," बाई म्हणाल्या. "आणि फोन?"

मॅडमनी फोन त्यांच्या हातात ठेवला. "तीन चाळीस झालेत. पळा, मावशी."

सिंधुबाई पळाल्या नाहीत. त्यांनी आधी पुंजा आणि बुधाला विचारलं, "तुम्ही सकाळपासून जेवलात का रे?" मग पळाल्या, आणि ते दोघं त्यांच्या मागे.

मागे उरले नाना. "आणि मला?" त्यांनी विचारलं. आवाजात आर्जव होतं. "मी तर चौदा ग्रुपवर पाठवलं."

"काका, पुढे पाठवणं हा जास्त मोठा दोष आहे."

नानांची मान ताठ झाली.

"म्हणून तुमच्यावर जबाबदारी टाकते. तुम्ही ॲडमिन आहात. आजपासून त्या ग्रुपवर फक्त तुम्ही लिहाल. सिंधुबाई तुम्हाला निरोप पाठवतील, तुम्ही तपासाल, आक्षेपार्ह असेल ते काढाल आणि मग टाकाल."

नाना मटकन बसले. आयुष्यभर दडपले जायची वाट पाहिली, आणि नशिबी हे आलं.

स्कूटरवर परत येताना चौकात त्यांनी मागून विचारलं, "तपासायचं म्हणजे नेमकं कसं तपासायचं हो? शिक्का वगैरे असतो का?"

मी तिथेच ओळखायला हवं होतं.

पहिले दोन दिवस ठीक गेले. "डबे भरते" तेवढं यायचं. तिसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी नानांना पाठवलं: "आज भाजी धावपट्टीशेजारच्या मळ्यातली वांगी." ग्रुपवर आलं: "आज भाजी." बाईंनी विचारलं तर नाना म्हणाले, "स्थळाचा उल्लेख आहे. आणि वांगी का ठेवायची? अमुक मळ्यात वांगी पिकतात हे सगळ्यांना माहीत आहे. शत्रू मूर्ख नसतो, सिंधुबाई."

चौथ्या दिवशी "आमटी गरम आहे, सांभाळून उघडा" यातली 'गरम' गेली. परिस्थिती आधीच गरम होती. पाचव्या दिवशी कुणीतरी नानांना "मीठ कमी होतं" असं कळवलं, ते त्यांनी मनोधैर्य खच्ची करणारं ठरवलं. वहीत रकाने आखले: आलेला मजकूर, काढलेला मजकूर, कारण, सही. सही जिल्हा परिषदेतलीच, फक्त आता तिच्याखाली दोन रेघा. सकाळी दहापासून ते इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसायचे. निवृत्तीनंतर इतकं टवटवीत आम्ही त्यांना पाहिलं नव्हतं.

मग लढाई थांबली. हर्षलचा फोन आला. सिंधुबाईंनी त्या दिवशी एकशे सदतीस डब्यांत शिरा दिला आणि निरोप पाठवला: "जावई सुखरूप, म्हणून शिरा." नानांनी छापलं: "शिरा." लष्करी माहिती म्हणे.

काही दिवसांनी आदेशही मागे घेतला गेला. वैष्णवी मॅडम स्वतः येऊन सांगून गेल्या, मेथीचं कौतुकही करून गेल्या. दुसऱ्या दिवशी विमान अकराला गेलं, खिडक्या थरथरल्या, आणि बाईंनी कितीतरी दिवसांनी मनापासून लिहिलं: "विमान गेलं. डबे भरते."

ग्रुपवर आलं: "डबे भरते."

बाई नानांच्या दारात गेल्या. मी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होतो. घालून झालं होतं, तरी घालत होतो.

"नाना, आदेश उठला ना?"

"ऐकलं मी. पण मला लेखी आलेलं नाही."

"मॅडम सांगून गेल्या!"

"तोंडी. पस्तीस वर्षं नोकरी केली, सिंधुबाई. तोंडी आदेशावर मी कधी पंखासुद्धा लावला नाही."

"म्हणजे मी विमान कधीच म्हणायचं नाय?"

"विचाराधीन आहे," नाना म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

बाई वळल्या आणि घरी आल्या. मी पाणी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी डबे वाटले गेले. अर्ध्या तासानं नाना चार खणांचा डबा हातात धरून बाईंच्या दारात उभे. मला कुंपणावरून चारही खण नीट दिसत होते. वरच्यात दोन पोळ्या. दुसरा रिकामा, तळाशी चिठ्ठी: "वगळले." तिसरा रिकामा, चिठ्ठीवर नुसती काळी पट्टी. चौथ्यात अर्धं लिंबू आणि "विचाराधीन."

"हे काय?" नानांनी विचारलं.

"भाजी होती," सिंधुबाई शांतपणे म्हणाल्या, "पण ती त्याच मळ्यातली. म्हटलं, कशाला माहिती बाहेर जाऊ द्यायची."

"आणि आमटी?"

"आमटीवरून आधीच एकदा वरून पत्र आलंय. मी जोखीम घेत नाय."

"सिंधुबाई, ही सरळसरळ दडपशाही आहे! मी याचा जाहीर..."

इतक्यात विमान आलं. त्या दिवशी ते उशिरा होतं, की ते दुसरं होतं, मला माहीत नाही आणि मी मोजत नाही. खिडक्या थरथरल्या. नाना तोंड उघडं ठेवून, एक बोट वर करून, उघडा डबा काखेत धरून वीस सेकंद उभे राहिले. बाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. आतून, शेगडीवरून, आमटीचा वास येत होता.

आवाज विरला. नानांचं बोट खाली आलं.

"तर मी काय म्हणत होतो," ते म्हणाले, "फोन कुठंय तुमचा? कसं लिहायचं ते तुम्हीच लिहा. मी ते सगळं परत पहिल्यासारखं करून देतो."

बाईंनी फोन पुढे केला. नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, स्वतःच्या फोनवर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि मान हलवली. बाईंनी लिहिलं. माझ्या खिशात टिंग वाजलं.

"विमान गेलं. नानांची आमटी भरते."

मी अंगठा दाखवला. माझ्याआधी एकशे दोन नंबरच्या हवालदारानं दाखवला होता.